दुखरं मूत्राशय आणि घरचं ताट

प्रस्तावना

हे पुस्तक ज्या दुखण्याबद्दल आहे, ते बहुतेक वेळा रिपोर्टात सापडत नाही. ओटीपोटात सतत दाब जाणवतो. लघवी साठत गेली की तो दाब दुखू लागतो, जाऊन आलं की थोडं हलकं वाटतं आणि अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा तेच सुरू होतं. दिवसातून पंधरा-वीस खेपा होतात, रात्रीही तीन-चार वेळा उठावं लागतं. लघवीच्या तपासणीत जंतू निघत नाहीत, सोनोग्राफी ठीक येते. डॉक्टर सांगतात, ‘सगळं नॉर्मल आहे.’ घरचे म्हणतात, ‘मग चांगलंच की!’ आणि जिचं दुखतं, ती हळूहळू सांगायचंच बंद करते.

वैद्यकशास्त्र या आजाराला इंटरस्टिशियल सिस्टायटिस किंवा ब्लॅडर पेन सिंड्रोम म्हणतं. मूत्राशयाशी जोडलेली वेदना, दाब किंवा अस्वस्थता, सोबत वारंवार किंवा घाईची लघवी, हे सगळं सहा आठवड्यांहून जास्त काळ चाललेलं आणि त्यामागे जंतुसंसर्ग किंवा दुसरं उघड कारण नाही, अशी त्याची व्याख्या अमेरिकेतल्या यूरॉलॉजिस्टांची संघटना वापरते. बायकांमध्ये हा आजार बराच जास्त दिसतो. पुरुषांनाही तो होतो, पण त्यांच्या फाइलीवर बहुतेकदा ‘प्रोस्टेटची सूज’ असं लिहिलं जातं.

मी या आजाराची रुग्ण आहे. पुस्तक लिहावंसं वाटलं ते मात्र इतर बायकांशी बोलताना. दवाखान्याच्या बाकावर, लग्नघरात, गाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईशीही हा विषय निघाला की दोन गोष्टी हमखास ऐकू यायच्या. एक, ‘मला वाटलं, हे मलाच होतं.’ आणि दुसरी, ‘सगळे घरगुती उपाय करून झाले, उलट वाढलं.’ या दुसऱ्या वाक्यापाशी मी पुन्हा पुन्हा थांबले. घरगुती उपायांनी दुखणं वाढावं, असं का होत असेल?

लघवीला जळजळ होते म्हटलं की आपल्या घरात उपायांना तोटा नसतो. धण्या-जिऱ्याचं पाणी, भिजवलेला सब्जा, वाळ्याचं पाणी, शहाळं, ताक, कोकम सरबत, लिंबू-पाणी, आवळ्याचा रस. ‘उन्हाळी लागली असेल, पाणी पी भरपूर’ हे वाक्य मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं. या शहाणपणाला आधार आहे. वैशाखातल्या उन्हात घाम जाऊन पाणी कमी पडतं, लघवी दाट आणि गडद होते, जळजळते. अशा वेळी कुठल्याही सरबताबरोबर पोटात जाणारं पाणीच निम्मं काम करतं. मूतखड्याची प्रवृत्ती असणाऱ्यांना लिंबू सुचवलं जातं तेही सकारण, कारण लिंबातलं सायट्रेट काही प्रकारचे खडे बनू देत नाही.

अडचण एवढीच की हे उपाय उन्हाळीचे आणि खड्याचे आहेत. दुखऱ्या मूत्राशयाचे नियम वेगळे आहेत. इथे लिंबू, कोकम, आवळा, चिंच, आंबट ताक हेच पदार्थ पुष्कळ रुग्णांची आग भडकवतात. त्यांत आता बाजारातल्या क्रॅनबेरी रसाची आणि व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांची भर पडली आहे. क्रॅनबेरीचं नाव जंतुसंसर्ग टाळण्याशी जोडलेलं आहे. जंतूच नसलेल्या, पण हुळहुळ्या झालेल्या मूत्राशयाला तो आंबट रस बहुधा सोसत नाही. म्हणजे ज्या बाईने प्रेमाने दिलेलं सगळं निमूटपणे प्यायलं, तिचंच दुखणं वाढतं, आणि वर ‘तुला कशानेच गुण येत नाही’ हे ऐकावं लागतं ते वेगळंच.

म्हणून या पुस्तकाचं मुख्य म्हणणं असं आहे : आधी निदान, मग स्वयंपाकघर. आणि स्वयंपाकघरात शिरल्यावर दुसऱ्या कुणाच्या यादीपेक्षा स्वतःच्या शरीराची लिहून ठेवलेली नोंद मोठी मानायची.

या आजाराचा इतिहास थोडा तरी सांगायला हवा, कारण रुग्णाला आजही मिळणाऱ्या वागणुकीची मुळं त्यात आहेत. ब्रुकलिनचे स्त्रीरोगतज्ज्ञ अलेक्झांडर स्कीन यांनी १८८७ मध्ये इंटरस्टिशियल सिस्टायटिस हे नाव वापरलं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले गाय हनर यांनी १९१५ मध्ये अशा स्त्रियांच्या मूत्राशयातल्या एका वेगळ्या प्रकारच्या व्रणाचं वर्णन प्रसिद्ध केलं. आजही त्या व्रणांना हनरचंच नाव आहे. मात्र त्याचा एक वाईट परिणाम झाला. व्रण दिसला तरच आजार खरा, असं अनेक दशकं मानलं गेलं. प्रत्यक्षात बहुसंख्य रुग्णांच्या मूत्राशयात असा व्रण नसतोच. मग त्यांचं दुखणं ‘मनाचं’ ठरलं. यूरॉलॉजीच्या एका प्रमाण अमेरिकन पाठ्यपुस्तकाने १९७८ च्या आवृत्तीतही हा आजार मनोकायिक विकारांच्या प्रकरणात घातला होता.

हे चित्र बदललं ते मुख्यतः रुग्णांमुळे. व्हिकी रॅटनर या वैद्यकीय विद्यार्थिनीला हा आजार जडला. ती या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे फिरली आणि १९८४ मध्ये तिने अमेरिकेत या आजाराच्या रुग्णांची संघटना उभी केली. त्यानंतर काही वर्षांतच तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने आजाराचे निकष ठरवायला तज्ज्ञांना एकत्र बसवलं. एका रुग्ण बाईने आपलं दुखणं खरं आहे हे ठामपणे सांगितलं, त्यातून संशोधनाला वाट मिळाली. ‘तुझ्या मनात आहे ते’ असं ज्यांना सांगितलं गेलं आहे, त्यांनी हा इतिहास लक्षात ठेवावा.

आता निदानाबद्दल. पुस्तकाचं पहिलं प्रकरण स्वयंपाकाचं नाही, तपासण्यांचं आहे. ते ओलांडून पाककृतींकडे जाऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. मूत्राशय दुखण्याची कारणं अनेक आहेत आणि त्यांतली काही अशी आहेत, की पथ्य करत बसल्याने मौल्यवान महिने वाया जातात. साधा जंतुसंसर्ग ओळखायला युरिन कल्चर लागतं. ते न करताच अँटिबायोटिकचा कोर्स, मग दुसरा, मग तिसरा, हा आपल्याकडचा सर्रास प्रकार. त्याने दुखणं तर राहतंच, वर पोट बिघडतं आणि औषधांना न जुमानणारे जंतू तयार होतात.

भारतात क्षयरोगाचा विचार करावाच लागतो. मूत्रपिंडाचा आणि मूत्राशयाचा क्षय अगदी अशीच लक्षणं घेऊन येतो. लघवीत पांढऱ्या पेशी भरपूर, पण नेहमीच्या कल्चरमध्ये काही वाढत नाही, असं दिसलं तर क्षयाच्या वेगळ्या चाचण्या करायच्या असतात. वेळेवर उपचार न झाल्यास मूत्राशय आकसून अगदी लहान होतं आणि मग औषधांनी ते पूर्ववत होत नाही. मूत्राशयाचा सुरुवातीचा कर्करोगही केवळ जळजळ आणि वारंवार लघवी एवढ्यावर लपून राहू शकतो. चाळिशी ओलांडलेल्या आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाने हे विशेष ध्यानात घ्यावं. याशिवाय खडा, मधुमेह, एंडोमेट्रिओसिस, गर्भाशयाच्या गाठी, मूत्राशय नीट रिकामं न होणं, हे सगळं तपासून बाजूला काढावं लागतं. गरज वाटली तर यूरॉलॉजिस्ट दुर्बीण घालून आतून पाहतात. हनरचे व्रण असलेच, तर ते त्यातच दिसतात आणि जाळून किंवा स्टिरॉइडचं इंजेक्शन देऊन त्यांवर थेट उपचार करता येतात. त्या रुग्णाला नुसत्या पथ्यावर ठेवणं हा अन्याय आहे.

लघवीत रक्त, थंडी वाजून ताप, कुशीत तीव्र वेदना, लघवी अडणं, कारणाशिवाय वजन उतरणं, यांपैकी काहीही झालं तर हे पुस्तक मिटा आणि डॉक्टरकडे जा.

निदान झाल्यावर प्रश्न येतो अन्नाचा. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड इथल्या डॉक्टरांनी शंभरावर रुग्णांना अन्नाबद्दल विचारलं आणि २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे ९० टक्के रुग्णांनी सांगितलं, की काही ना काही खाल्ल्या-प्यायल्याने त्रास वाढतो. सर्वांत जास्त नावं आली ती कॉफी, चहा, सोडा घातलेली पेयं, दारू, लिंबूवर्गीय फळं, टोमॅटो, तिखट पदार्थ, कृत्रिम गोडी आणि व्हिटॅमिन सी यांची. हे रुग्णांनी सांगितलेलं आहे, प्रयोगशाळेत मोजलेलं नाही, हे भान ठेवायला हवं. तरी इतक्या जणांच्या अनुभवातून पुन्हा पुन्हा तेच पदार्थ पुढे येतात, तेव्हा त्याची दखल घ्यावीच लागते. उरलेल्या दहा टक्क्यांनाही विसरू नये. काही रुग्णांच्या दुखण्याचा अन्नाशी काही संबंध नसतो, आणि त्यांनी उगाच आयुष्यभर अळणी जेवण्याची गरज नाही.

असं का होतं, याची उत्तरं अजून जुळवली जात आहेत. निरोगी मूत्राशयाच्या आतल्या बाजूला संरक्षक थर असतो. त्यामुळे लघवीतले क्षार आणि आम्लं खालच्या नसांपर्यंत पोचत नाहीत. तो थर कुठे विरळ झाला, तर खरचटलेल्या कोपरावर घाम झोंबावा तशी लघवीच झोंबते, असं एक मत आहे. दुसरं मत नसांकडे बोट दाखवतं : दीर्घकाळ दुखत राहिल्याने नसाच इतक्या हळव्या होतात की थोडी लघवी साठली तरी त्या ‘भरलं’ असा निरोप पाठवतात. मिरचीतलं कॅप्सेसिन शरीरात ज्या ग्राहीला चिकटून आग जाणवून देतं, ती ग्राही शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. तशाच ग्राही मूत्राशयाच्या नसांवरही आहेत. आतड्याच्या आणि मूत्राशयाच्या नसा मज्जारज्जूत शेजारी-शेजारी येतात. एका अवयवाची चिडचिड दुसऱ्याला जाणवते, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. बद्धकोष्ठ झालं की मूत्राशय जास्त दुखतं, असं रुग्ण सांगतात, त्याचा अर्थ इथे लागतो.

एक गैरसमज मात्र इथेच दूर करायला हवा. ‘आंबट खाल्लं की लघवी आम्ल होते, म्हणून दुखतं’ हे स्पष्टीकरण सोपं असलं तरी बरोबर नाही. लिंबातलं सायट्रेट शरीरात गेल्यावर लघवीची आम्लता उलट कमी करतं, आणि तरीही लिंबू कित्येकांना त्रास देतं. तेव्हा मोबाइलवर फिरणारे ‘आम्लधर्मी अन्न, अल्कधर्मी अन्न’ असे तक्ते या आजारात कामाचे नाहीत. शेवटचा निवाडा तुमचं मूत्राशय करणार, तक्ता नाही.

तो निवाडा ऐकायचा कसा? पद्धत साधी आहे, चिकाटी मात्र लागते. साधारण दोन ते चार आठवडे ताट शक्य तितकं सौम्य ठेवायचं. आपल्या सुदैवाने मराठी स्वयंपाकात अशा ताटाची सोय भरपूर आहे. मऊ भात, साधं मुगाचं वरण, तूप, ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी. दुधी, दोडका, पडवळ, घोसाळं, फ्लॉवर, बटाटा, गाजर. सकाळी तांदळाची पेज किंवा नाचणीची दुधातली खीर. मांसाहार करणाऱ्यांना अंडं, ताजी मासळी, कमी मसाल्याची कोंबडी. फळांत पेअर. फोडणीला जिरे, हळद, हिंग, कोथिंबीर. चवीला ओलं खोबरं, तीळ, दाण्याचं कूट.

काढायचं काय, हे प्रांताप्रांताप्रमाणे वेगळं दुखतं. कोकणात आणि गोव्यात आमसूल आणि सोलकढी सोडणं म्हणजे जेवण अर्धं सोडणं. कोल्हापूरकराला तांबडा रस्सा, वऱ्हाडात ठेचा, पुण्याच्या घरात चिंच-गुळाची आमटी, मुंबईकराला वडापावाची लाल चटणी. टोमॅटो तर सगळीकडच्या भाजीत शिरलेला आहे. अंबाडी, आंबट चुका, कैरीचं पन्हं, लोणचं, हेही त्याच रांगेत. आणि सर्वांत अवघड, चहा. चहा एकदम तोडला की डोकं दुखतं, म्हणून आठ-दहा दिवसांत हळूहळू कमी करावा. त्या जागी चहापत्तीशिवाय गवती चहा, बडीशेपेचं कोमट पाणी किंवा गरम दूध घेऊन पाहावं. आंबटपणाशिवाय आमटी रुचकर कशी करायची, हा प्रश्न मी पुस्तकात फार गंभीरपणे घेतला आहे. भाजलेलं खोबरं, जिऱ्याची दाट फोडणी आणि शेवटी घातलेली चमचाभर तिळाची पूड बरंच काही सांभाळून घेते.

या काळात एक वही ठेवायची. काय खाल्लं-प्यायलं, किती वाजता. दुखणं शून्य ते दहामध्ये किती. लघवीला किती वेळा गेलात. त्याच पानावर पाळीची तारीख, पोट साफ झालं की नाही, झोप, प्रवास आणि मनावरचा ताण हेही लिहायचं. हे लिहिलं नाही तर पाळीच्या आधी वाढलेल्या दुखण्याचा आळ बिचाऱ्या वांग्यावर जातो. सौम्य ताटाने फरक पडला, तर एकेक पदार्थ परत आणायचा. पहिल्या दिवशी थोडा, दुसऱ्या दिवशी नेहमीइतका, तिसऱ्या दिवशी थांबून पाहायचं. त्रास नाही झाला, तर तो पदार्थ तुमचा. झाला, तर सोडायचा आणि सगळं शांत झाल्यावर महिन्याभराने पुन्हा एकदा तपासायचा. कायमची बंदी दोन वेळा खात्री केल्याशिवाय नाही. सौम्य ताटाने चार आठवड्यांत काहीच फरक पडला नाही, तर अन्न हे तुमच्या दुखण्याचं कारण नसावं. मग नेहमीचं जेवण पुन्हा सुरू करा.

हे इतकं आग्रहाने सांगते, कारण मी दुसरं टोकही पाहिलं आहे. भीतीने एकेक पदार्थ सोडत शेवटी नुसता भात आणि उकडलेला बटाटा एवढ्यावर आलेल्या बायका, उतरलेलं वजन, गळणारे केस, कुणाकडे जेवायला न जाणं. त्याला पथ्य म्हणत नाहीत, ती उपासमार आहे. या पद्धतीचं यश ताटात किती पदार्थ सुखरूप परत आले, यावर मोजायचं.

पाण्याबद्दल दोन्ही बाजूंनी चूक होते. लघवीला जावं लागेल म्हणून पाणीच प्यायचं नाही, ही एक. त्याने लघवी दाट होऊन जास्त झोंबते. आणि ‘धुऊन निघेल’ म्हणून तासाभरात तांब्यावर तांबे रिचवायचे, ही दुसरी. त्याने मूत्राशय झपाट्याने ताणलं जातं. दिवसभर थोडं थोडं, घोट घोट, लघवी फिकट पिवळी राहील इतकं प्यावं. शहाळ्याचं पाणी काहींना चालतं. पोटॅशियम जास्त असल्याने काहींना नाही चालत. तेही वहीत तपासा. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल, तर पाण्याचं प्रमाण डॉक्टरांनाच विचारा.

मात्र पाणी न पिण्याचा दोष एकट्या बाईच्या माथी मारता येणार नाही. विरारहून चर्चगेटला लोकलने जाणाऱ्या बाईला गाडीत स्वच्छतागृह नसतं. बाजारात भाजी विकणारी, एसटीची कंडक्टर, बंदोबस्तावरची पोलीस, शेतात निंदणी करणारी, या सगळ्या सकाळीच हिशेब करून पाणी पितात. २०११ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘राइट टू पी’ चळवळीने हा प्रश्न रस्त्यावर आणला आणि बायकांसाठी मोफत, स्वच्छ मुताऱ्यांची मागणी केली. दुखऱ्या मूत्राशयाच्या रुग्णासाठी ती मागणी औषधाइतकीच निकडीची आहे. आपल्या परंपरेलाही हे ठाऊक होतं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय शरीराचे नैसर्गिक वेग अडवू नयेत याच विषयावर आहे. त्याच संहितेत मस्तक आणि हृदय यांच्या जोडीला बस्ती, म्हणजे मूत्राशय, हे तीन प्रमुख मर्मांपैकी एक मानलं आहे.

घरगुती उपाय म्हणजे फक्त पोटात जाणारं काही, असं आपण धरून चालतो. या आजारात बाहेरून केलेले उपाय अनेकदा जास्त भरवशाचे ठरतात. ओटीपोटावर किंवा मांड्यांच्या मध्ये गरम पाण्याची पिशवी. काहींना उलट गार घडीने बरं वाटतं. कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बसणं. सैल सुती कपडे. पोट साफ राहण्यासाठी इसबगोल आणि शिजवलेल्या भाज्या. वेदना आटोक्यात असताना, दोन खेपांमधलं अंतर दहा-दहा मिनिटांनी वाढवत नेणं.

कटीच्या तळाचे स्नायू या कथेत फार महत्त्वाचे आहेत. सतत दुखल्याने ते आवळून राहतात आणि मग तेच दुखण्याचं नवं कारण बनतात. उत्तर अमेरिकेत झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा स्नायूंवर प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टने हाताने उपचार केलेल्या स्त्रियांपैकी ५९ टक्के जणींना आराम पडला. साधा मसाज मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं. म्हणून एक सावधगिरी : लघवी रोखण्याचे आकुंचनाचे व्यायाम, योगवर्गातली अश्विनी मुद्रा किंवा मूलबंध हे या रुग्णांनी स्वतःहून करू नयेत. आवळलेल्या स्नायूला आणखी आवळून चालत नाही. पोट सैल सोडून घेतलेला खोल श्वास, बालासन, पाठीवर झोपून गुडघे बाजूला सोडलेलं बद्धकोणासन, यांनी तो सैलावतो.

काही धोक्यांची नोंद इथेच करते. खाण्याचा सोडा पाण्यात घालून पिण्याने काहींची जळजळ तात्पुरती शमते, पण त्यात सोडियम भरपूर असतं. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी तो घेऊ नये, आणि इतरांनीही रोजचा करू नये. सायट्रेटची सिरपं दुकानातून आणून महिनोन्महिने पिऊ नयेत. गोखरू, पुनर्नवा, वाळा यांना आयुर्वेदात मूत्रविकारांत मोठं स्थान आहे. ती वैद्याच्या सल्ल्याने घ्यावीत आणि चालू औषधांची यादी वैद्यापुढे ठेवावी. पावती आणि घटक नसलेल्या पुड्या, भस्मं घेऊ नयेत. ज्यांना या आजारासाठी पेंटोसन हे औषध दीर्घकाळ चालू आहे, त्यांनी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये त्याबद्दलचा इशारा औषधाच्या माहितीपत्रकात घालायला लावला आहे. गरोदर स्त्रियांनी कुठलाही नवा उपाय डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

आता थोडं घरच्यांसाठी. आपल्याकडे स्वयंपाक बाई करते, पण ताट कुणाच्या चवीचं असावं हे बहुधा ती ठरवत नाही. सासूबाईंना आमटी आंबट हवी, मुलांना टोमॅटो, नवऱ्याला झणझणीत. मग ती स्वतःसाठी वेगळं काय करणार? तीही तेच जेवते आणि रात्रभर जागते. वरण उतरवताना एक वाटी आधी बाजूला काढली आणि मग आमसूल घातलं, तर तिची रात्र वाचते. एवढी सोय घराने करावी. प्रवासात गाडी थांबवायला सांगितली, तर कपाळाला आठी न घालता थांबवावी. या आजारात शरीरसंबंधही वेदनादायक होऊ शकतो. ती टाळाटाळ नसते, हे नवऱ्याने समजून घ्यावं आणि तिच्याबरोबर एकदा तरी डॉक्टरांकडे जावं. पुरुष रुग्णांची अडचण निराळी. त्यांनी कुणाशी बोलावं, हेच त्यांना कळत नाही. या पुस्तकात त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे.

पुस्तकाची मांडणी अशी : आधी तपासण्या, मग वही कशी ठेवायची, मग सौम्य ताटाच्या पाककृती, मग एकेक पदार्थ परत आणण्याचं वेळापत्रक. त्यानंतर सणवार, उपवास, प्रवास आणि कचेरीचा डबा यांची प्रकरणं. शेवटी दुखणं अचानक उसळल्यावर पहिल्या चोवीस तासांत काय करावं, याचं एक पान आहे. ते कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. पुस्तक सलग वाचण्याची गरज नाही, पण पहिलं प्रकरण कुणी टाळू नये.

हा आजार पुरता बरा करण्याचं वचन मी देत नाही, आणि जो कुणी देईल त्याच्यापासून सावध राहा. काही जणांचं दुखणं वर्षानुवर्षं शांत राहतं, काहींचं येत-जात राहतं. पण कशाने वाढतं आणि कशाने उतरतं हे कळलेली बाई आणि न कळलेली बाई यांच्या जगण्यात फार मोठं अंतर असतं. पहिली नाटकाला जाते, गावी जाते, पूर्ण रात्र नाही तरी सलग चार तास झोपते. तुमची वही भरत आली की ती डॉक्टरांपुढे उघडून ठेवा. रिपोर्टात जे दिसलं नाही, ते त्या पानांवर तारखेवार लिहिलेलं असेल. ‘सगळं नॉर्मल आहे’ असं म्हणण्याआधी डॉक्टरांना ते वाचावं लागेल, आणि ते वाचलं जाईपर्यंत खुर्चीवरून उठू नका.